पेडल खाली गेलं म्हणजे पॅड डुप्लिकेट?

"घरी ब्रेक पॅड बदलले आणि पेडल तळाला टेकलं, म्हणजे पॅड डुप्लिकेट" हा मेसेज सोलापुरातल्या ग्रुपांवरही वर्षानुवर्षं फिरतोय. शंका येणं साहजिक आहे, पण कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं.

नवा पॅड जाड असतो. तो बसावा म्हणून कॅलिपरचा, म्हणजे पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन मागे दाबावा लागतो. त्यामुळे पिस्टन आणि पॅडमध्ये फट पडते आणि पेडलचे पहिले दाब ती भरून काढण्यातच जातात. म्हणून गाडी हलवण्याआधी, उभ्या गाडीतच पेडल सावकाश दाबत-सोडत राहा. थोड्याच वेळात ते कडक लागायला हवं. मग ब्रेक ऑइलची पातळी डबीवरच्या दोन खुणांमध्ये आहे ना, ते बघा.

तरीही पेडल स्पंजासारखं लागत असेल तर लाइनमध्ये हवा असू शकते; ब्लीडिंग, म्हणजे ती हवा बाहेर काढण्याचं काम, करावं लागेल. दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर गळती किंवा मास्टर सिलिंडरचा (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या भागाचा) संशय घ्या. अशी गाडी सात रस्त्याच्या गर्दीत नेण्याचं धाडस नको, मेकॅनिकलाच घरी बोलवा.

आणि हो, आवाज येतो म्हणून डिस्कला ऑइल लावायचा सल्लाही फिरतो. तिथे थेंबभरही नको. ब्रेक नीट लागणारच नाही.