सिनेमातले आणि खेळण्यातले डायनासोर

सिनेमात आणि खेळण्यांच्या दुकानात दिसणारे डायनासोर आणि जीवाश्मांवरून शास्त्रज्ञांना कळलेले डायनासोर यांच्यात बराच फरक असतो, तो कुठे आहे आणि कशामुळे पडला याबद्दलची ही नोंद. आधी एक सांगायला हवं की सगळ्या चुका एका जातीच्या नसतात. काही गोष्टी त्या वेळच्या शास्त्राप्रमाणे बरोबरच होत्या, शास्त्र नंतर पुढे गेलं. काही मुद्दाम बदलल्या, कारण सीन जमला पाहिजे. आणि खेळण्यांतल्या काही चुका तर निव्वळ प्लॅस्टिकमुळे झाल्यात.

यातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे 1993 चा ज्युरासिक पार्क. आपल्याकडे तो 1994 मध्ये हिंदीत डब होऊन आला आणि तुफान चालला, आज चाळिशीत असलेल्या बऱ्याच लोकांच्या डोक्यातला डायनासोर तिथलाच आहे. या सिनेमाच्या चुका काढणं सोपं आहे, पण तेव्हाच्या मानाने तो खूप पुढचा होता हे मान्य केलंच पाहिजे. त्याआधी कित्येक वर्षं पडद्यावरचा डायनासोर म्हणजे शेपूट फरफटत चालणारा सुस्त सरडा असायचा, आणि इथे शेपूट हवेत आडवं, पाठ जमिनीला समांतर, अंगात चपळाई. हा विचार जॉन ऑस्ट्रम यांच्यापासून जोरात सुरू झाला, या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञांना 1964 मध्ये अमेरिकेत मोंटानात डायनोनिकस हा शिकारी डायनासोर सापडला, 1969 मध्ये त्यांनी त्याचं वर्णन छापलं आणि हा प्राणी पळणारा, उड्या मारणारा असणार असं मांडलं. सिनेमाला जॅक हॉर्नर हे जीवाश्मशास्त्रज्ञ सल्लागार होते.

आता रॅप्टर. सिनेमात व्हेलोसिरॅप्टर माणसाएवढा उंच आहे. खरा व्हेलोसिरॅप्टर मंगोलियाच्या गोबी वाळवंटात 1923 मध्ये सापडला, पुढच्या वर्षी त्याला नाव मिळालं, आणि तो नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत जेमतेम 2 मीटर, त्यातलंही निम्म्याहून जास्त शेपूट, वजन 15 ते 20 किलो, म्हणजे आपल्या गुडघ्याच्या थोडा वर येणारा प्राणी. मग पडद्यावर एवढा मोठा का, तर तो खरं म्हणजे डायनोनिकसवर बेतलेला आहे. 1988 मध्ये ग्रेगरी पॉल यांनी आपल्या पुस्तकात डायनोनिकसला व्हेलोसिरॅप्टरमध्येच टाकलं होतं, बाकीच्यांनी ते मानलं नाही, पण नाव जास्त झणझणीत होतं ते चिकटलं. तरीही सिनेमातला प्राणी डायनोनिकसपेक्षाही मोठाच आहे. योगायोग असा की 1993 मध्येच युटाह-रॅप्टर या त्याहून मोठ्या भाईबंदाचं वर्णन प्रसिद्ध झालं.

आणि पिसं. 1996 मध्ये चीनच्या लियाओनिंग प्रांतातून सायनोसॉरोप्टेरिक्स नावाचा लहानसा डायनासोर जगासमोर आला, अंगभर बारीक लव असलेला, आणि तिथून चित्र बदललं. 2007 मध्ये व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर ओळीने बारीक उंचवटे सापडले, पक्ष्यांच्या पंखाच्या हाडावर जिथे मोठी पिसं रुतलेली असतात तिथे असेच टेंगूळ असतात, कबुतरासारख्या चांगल्या उडणाऱ्या पक्ष्यात ते जास्त ठळक असतात, तेच हे. म्हणजे याला हातावर मोठी पिसं होती यात शंकेला जागा उरली नाही. तरी 2015 च्या जुरासिक वर्ल्डमध्ये रॅप्टर खवल्यांचेच राहिले. माझ्या मते इथे सिनेमाने संधी घालवली, पिसांचा शिकारी प्राणी कमी भीतीदायक वाटतो हे म्हणणं गरुड जवळून पाहिलेल्या माणसाला पटणार नाही. 2022 च्या भागात पिसं असलेला पायरोरॅप्टर शेवटी दिसला.

टी-रेक्सच्या बाबतीत मात्र सिनेमा वाटतो तेवढा चुकलेला नाही. त्याच्या चीनमधल्या जुन्या नातेवाइकाला, 9 मीटरच्या युटिरॅनसला, पिसं होती हे 2012 मध्ये कळलं तेव्हा सगळे टी-रेक्सलाही पिसं काढायला लागले, पण 2017 मध्ये त्याच्या मान, कंबर आणि शेपटाच्या कातडीच्या ठशांचा अभ्यास आला आणि तिथे खवलेच निघाले. चूक आहे ती वेगळीकडे. हललं नाही तर त्याला दिसत नाही हे सिनेमातलं वाक्य अगदी निराधार, त्याचे डोळे पुढे रोखलेले होते आणि नजर उत्तम असणार. जीपचा पाठलागही जमला नसता, 2002 च्या एका अभ्यासात दाखवलंय की एवढ्या वजनाला तसं पळवायला पायात जेवढे स्नायू लागतील तेवढे मावणारच नाहीत. डरकाळी हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगरीचे आवाज मिसळून बनवलेली आहे. आणि 2023 च्या एका अभ्यासाप्रमाणे तोंड मिटल्यावर दात ओठांमागे झाकले जात असावेत, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या त्या दातांच्या रांगाही कदाचित जातील.

डायलोफोसॉरसवर सगळ्यात जास्त अन्याय झालाय. मानेभोवती उघडणारी झालर आणि विषाची पिचकारी, दोन्हीला एकही पुरावा नाही, आणि ज्याला सिनेमात लहानखुरा केलाय तो पूर्ण वाढल्यावर 6 ते 7 मीटर लांब होता.

काळाचा घोळ तर विचारूच नका. 1940 च्या फँटेजिया या डिस्नेच्या कार्टून सिनेमात टी-रेक्स आणि स्टेगोसॉरस यांची झुंज आहे, शिवाय त्या टी-रेक्सच्या हाताला तीन बोटं आहेत, खऱ्याला दोनच. स्टेगोसॉरस साधारण 15 कोटी वर्षांपूर्वीचा, टी-रेक्स संपला 6.6 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे टी-रेक्स काळाच्या हिशोबाने स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जास्त जवळ आहे, हे नीट डोक्यात बसायला वेळ लागतो.

खेळण्यांकडे येऊ. जत्रेत किंवा स्टेशनबाहेर प्लॅस्टिकच्या पिशवीत डझनभर डायनासोर मिळतात ती पिशवी उघडून एकेक हातात घेऊन पाहा. पाठीवर मोठं शीड असलेला असतो तो डायमेट्रोडॉन, तो डायनासोर नाहीच, पहिला डायनासोर जन्मायच्या कोट्यवधी वर्षं आधी तो संपला आणि नात्याने तो सरड्यांपेक्षा आपल्या सस्तन प्राण्यांना जवळचा. पंखवाला टेरॅनोडॉन, तोही डायनासोर नाही, आणि त्याच्या नावाचाच अर्थ दात नसलेला पंखवाला असा असून चोचीत दात कोरलेले असतात. मग टी-रेक्स घ्या आणि हात बघा. पेटी वाजवणाऱ्यासारखे तळवे खाली वळलेले असतात, पण या प्राण्यांचं मनगट तसं वळतच नव्हतं, तळवे एकमेकांसमोर असायचे, पखवाज वाजवणाऱ्यासारखे. ही चूक सिनेमातही आहे. आता तो टेबलावर उभा करा, शेपूट टेकलेलं असतं. न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये 1915 मध्ये टी-रेक्सचा सांगाडा असाच ताठ उभा केला होता, खेळणी त्यावरून आणि जुन्या चित्रांवरून आली, पुढे 1990 च्या दशकात म्युझियमने सांगाडा आडवा करून घेतला. पण खेळण्याला दुसरीही अडचण आहे, दोन पायांवरचं प्लॅस्टिक तोंडावर पडतं. म्हणून शेपटाचा तिसरा पाय करतात नाहीतर पावलं बदकासारखी मोठी करतात. ही चूक मला माफ करावीशी वाटते. काळजीपूर्वक केलेली खेळणीही आहेत, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमसाठी इन्व्हिक्टा कंपनीने 1970 च्या दशकापासून काढलेली, किंवा पिट्सबर्गच्या कार्नेगी म्युझियमसोबत 1988 ते 2015 निघालेली.

खेळण्याच्या सेटमध्ये खाली हिरवंगार गवत असतं, त्याचा संबंध थेट चंद्रपूर जिल्ह्याशी आहे. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या विष्ठेचे दगड सापडतात, शेतातून चालताना साध्या खड्यासारखे दिसतात. 2005 मध्ये त्यांच्या अभ्यासात गवताच्या पेशींमधले सिलिकाचे कण मिळाले, किमान पाच प्रकारच्या गवतांचे, आणि डायनासोरच्या काळात गवत जवळजवळ नव्हतंच हा समज मोडला. त्यामुळे शेवटच्या काळातल्या डायनासोरखाली थोडं गवत चालेल, स्टेगोसॉरसखाली नाही. जिल्ह्यातल्याच डोंगरगावला 1980 च्या दशकात लांब मानेच्या डायनासोरचा सांगाडा मिळाला, 1997 मध्ये त्याचं वर्णन झालं आणि 2003 पासून त्याचं नाव आयसिसॉरस आहे. त्याची मान भाऊबंदांच्या मानाने आखूड आणि पुढचे पाय लांब, पण सांगाड्याला कवटी नाही, म्हणून त्याचं चित्र किंवा मॉडेल कुठेही दिसलं तर तोंड टायटॅनोसॉर या त्याच्याच गटातल्या दुसऱ्या कुठल्यातरी डायनासोरवरून घेतलेलं असतं.