पार्श्वभूमी : नवा मरीन मासा आधी वेगळ्या टाकीत का?

नवा मरीन, म्हणजे समुद्राच्या खाऱ्या पाण्यातला, मासा आणला की थेट मुख्य टँकमध्ये सोडायचा नाही, हे आज नवख्यालाही पहिल्याच दिवशी ऐकवले जाते. हा नियम वाटतो तेवढा जुना नाही. रोग समजले म्हणून तो आला, असेही नाही. रोगांची ओळख कितीतरी आधी झाली होती. व्हेल्व्हेट, म्हणजे कातडीवर बारीक धूळ बसल्यासारखा दिसणारा रोग; त्याचा परजीवी १९३१ मध्ये लंडनच्या मत्स्यालयातल्या माशांवरून नोंदला गेला. इच, म्हणजे अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे ठिपके आणणारा रोग; त्याच्या परजीवीचे वर्णन १९३७ मध्ये जपानमधून आले आणि आजचे शास्त्रीय नाव त्याला १९५१ मध्ये मिळाले. आपले मरीन ड्राइव्हचे मत्स्यालयही त्याच १९५१ चे.

पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतल्या सार्वजनिक मत्स्यालयांत मोरचुदाचा, म्हणजे कॉपर सल्फेटचा, उपयोग पक्का झाला. पुढची पंचवीस-तीस वर्षे घरगुती खाऱ्या टँकमध्ये फक्त मासे असत, सोबतीला धुऊन पांढरी केलेली मृत प्रवाळे. ठिपके दिसले की त्याच पाण्यात कॉपर टाकायचे. तांब्याची नाणी सोडणारेही होते. वेगळी टाकी कशाला लागणार?

चित्र पालटले ते ऐंशीच्या दशकात, पश्चिम बर्लिनमधल्या हौशी मंडळींमुळे. लाइव्ह रॉक (समुद्रातला, जिवाणू-जीवांनी भरलेला चुनखडीचा दगड), दमदार प्रोटीन स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारे यंत्र) आणि जिवंत प्रवाळ अशी त्यांची रीत जगभर पसरली. माशांवर चालणारी कॉपरची मात्रा गोगलगाय, कोळंबी, ॲनिमोन आणि प्रवाळ यांच्या जिवावर बेतते. शिवाय चुनखडीचा दगड कॉपर शोषून घेतो. त्यामुळे पाण्यात मात्रा टिकत नाही आणि त्या दगडावर पुढे प्रवाळ ठेवायचीही धास्ती वाटते. टँक सुंदर झाला आणि औषधाला त्यात जागा उरली नाही. मग माशालाच बाहेर काढणे आले. आजची क्वारंटाइन टाकी या अडचणीतून जन्मली. तळाला वाळू नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो, हीटर, आणि मुख्य टँकच्या संपमध्ये (खालच्या फिल्टरच्या टाकीत) काही आठवडे मुरवून ठेवलेला स्पंज फिल्टर.

खरा गुंता शब्दाचा आहे. 'क्वारंटाइन' हा शब्द व्हेनिसच्या बंदरातला, चाळीस दिवसांवरून आलेला. जहाजावर कुणी आजारी दिसत नसले तरी थांबायचे, हा त्याचा गाभा. आजाऱ्याला बाजूला काढणे हे निराळे काम. करोनाच्या दिवसांत आपल्याकडे अलगीकरण आणि विलगीकरण हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले गेले. टँकवाल्यांत तो घोळ त्याही आधीपासून आहे. त्याच काचेच्या पेटीला एक जण क्वारंटाइन टँक म्हणतो, दुसरा हॉस्पिटल टँक, आणि दोघांच्या मनात वेगवेगळे काम असते. पहिल्याच्या लेखी क्वारंटाइन म्हणजे चार ते सहा आठवडे नजर ठेवायची आणि लक्षण दिसले तरच औषध द्यायचे. दुसऱ्याच्या लेखी, लक्षण असो वा नसो, इच-व्हेल्व्हेटसाठी कॉपर आणि फ्ल्यूकसाठी, म्हणजे कातडी-कल्ल्यांवरच्या चपट्या कृमींसाठी, प्राझिक्वान्टेल हे औषध ठरल्या क्रमाने द्यायचेच. तिसरा अर्थ दुकानातला. 'क्वारंटाइन केलेला आहे' म्हणजे बहुधा मासा आठवडाभर तिथे राहिला आणि खातोय, एवढेच. 'मी क्वारंटाइन केले तरी मासे गेले' ही तक्रार या तिघांपैकी कोणाचीही असू शकते, म्हणून तिच्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

नुसत्या निरीक्षणाच्या बाजूने बोलणारे चुकीचे बोलत नाहीत. प्रवासात उपाशी राहिलेल्या माशाला पहिल्याच दिवशी कॉपर दिले तर तो तोंड मिटतो. बुटक्या एंजलफिशसारखे काही मासे कॉपर मुश्किलीने सोसतात. छोट्या टाकीत अमोनिया लवकर चढतो. तो शमवायला घातलेली काही द्रावणे संयुगातले कॉपर मोकळे करतात आणि तेच विष ठरते. फिलिपीन्समधून सायनाइडने पकडलेले मासे येऊ लागले ते साठच्या दशकापासून. त्यातला एखादा क्वारंटाइनमध्ये मेला तर दोष औषधाला द्यायचा की पकडण्याला, हे कळायला मार्ग नसे.

तरीही व्हेल्व्हेट जवळून पाहिलेला माणूस या वादात फार काळ मध्यावर राहत नाही. पहिल्या संध्याकाळी मासा पंपाच्या झोतात तोंड घालून उभा राहतो, दिवा लागला की दूर पळतो, श्वास भरभर. समोरून अंगावर काहीच दिसत नाही. खोलीत अंधार करून बाजूने टॉर्च तिरका धरला तर कातडीवर हळदीसारखी बारीक धूळ चमकते. ती दिसेपर्यंत कल्ले भरलेले असतात आणि हातात दोन-तीन दिवस उरतात, कधी तेवढेही नाहीत. इचही आधी कल्ल्यांत दडू शकतो, अंगावर एकही दाणा न दाखवता. नुसती नजर इथे कमी पडते. म्हणून मासा नीट खायला लागला की मोजून-मापून कॉपर, हीच वाट मला योग्य वाटते. अँटिबायोटिक मात्र 'असू दे सोबत' म्हणून देणे मुळीच पटत नाही.

मोजून-मापून म्हणण्यातही मेख आहे. साध्या आयनिक कॉपरची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. कीलेटेड, म्हणजे संयुगात बांधून ठेवलेल्या, कॉपरची २ ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे दहापटीहून जास्त. बाटलीवर दोन्हीकडे 'कॉपर' लिहिलेले. एकाचे माप दुसऱ्याला लावले की एक तर परजीवी मजेत राहतो किंवा मासा जातो. आणि कॉपर मारते ते फक्त पोहत्या अवस्थेला. कातडीखाली रुतलेल्याला नाही, तळाशी कवच करून बसलेल्यालाही नाही. म्हणून मात्रा एक दिवसही खाली येऊ न देता टिकवावी लागते.

त्या कवचावरूनच ७६ दिवसांचा आकडा आला. इचचे कवच फुटायला ३ ते ७२ दिवस लागू शकतात, हे नव्वदच्या दशकातल्या संशोधनात मांडले गेले. हौशी लोकांनी वर चार दिवस धरून मुख्य टँक ७६ दिवस माशांविना ठेवायची प्रथा पाडली, म्हणजे कवचातून निघालेल्या परजीवीला मासाच सापडू नये. पाणी २७ अंशांच्या आसपास असेल तर ४५ दिवस पुरतात, असे अलीकडे सांगितले जाते. औषध टाळून दर तीन दिवसांनी मासा कोऱ्या टाकीत हलवायची रीतही याच जीवनचक्रावर बेतलेली आहे. ती इचवर चालते. व्हेल्व्हेटवर मात्र तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

क्लोरोक्विन हा कॉपरचा पर्याय अनेकांना सौम्य वाटे, पण पाण्यात ते किती उरले हे मोजायचे घरगुती किट नाही. मार्च २०२० मध्ये ॲरिझोनात करोनाच्या भीतीने मत्स्यालयाचे क्लोरोक्विन पिऊन एक माणूस मरण पावला. मलेरियाच्या या जुन्या औषधावर जगाची झुंबड उडाली आणि टँकवाल्यांना ते मिळेनासे झाले. पुष्कळजण तेव्हा पुन्हा कॉपरकडे वळले.

क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्यातून मासा आणणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुकानातल्या रांगेतल्या टाक्यांना बऱ्याचदा एकच पाणी फिरते, क्षारता मुद्दाम कमी ठेवलेली असते, कधी थोडे कॉपरही असते. तेवढ्याने परजीवी मरत नाही, दबून राहतो. घरी पूर्ण क्षारतेच्या पाण्यात मासा आला की आठ-दहा दिवसांनी मिठाचे दाणे दिसू लागतात. दुकानदाराने पाहिले तेव्हा मासा खरोखरच स्वच्छ दिसत होता. म्हणून मासा घेताना दुकानातल्या पाण्याची क्षारता विचारून ठेवावी आणि वेगळी टाकी आदल्या दिवशीच त्या आकड्यावर आणावी.