फवारणीची लिंबोळी आणि रोपाची लिंबोळी

श्रावण लागला की कुणीतरी विचारतंच, "घरात पोतंभर कडुलिंबाच्या लिंबोळ्या होत्या, रोपांसाठी पिशव्या भरल्या, एक उगवली नाही. बी बोगस निघालं का?" बी बोगस नव्हतं, फवारणीचं होतं.

फवारणीच्या लिंबोळीचं तुम्हाला काय सांगायचं! गर काढून खडखडीत वाळवायची, पोत्यात भरायची, कापसावर वेळ आली की 5 किलो कुटून रात्रभर भिजवायची आणि गाळून 100 लिटर करायची. ओल राहिली तर बुरशी धरते, एवढंच जपायचं.

रोपाच्या लिंबोळीला नेमकी ती ओलच लागते. बी म्हटलं की आपल्या डोक्यात ज्वारी नाहीतर तूर: वाळवा, कोठीत भरा, पुढच्या मृगाला काढा. कडुलिंबाचं बी तेवढं थांबत नाही. पिकून पडल्यावर दोन-तीन आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो, कडक उन्हात त्याहून लवकर. त्यात लिंबोळ्या पिकतात जून-जुलैत, ऐन पेरणीच्या धांदलीत. 'पेरणी उरकू द्या, मग लावू' म्हणून ओसरीत ठेवलेली टोपली जागेवरच मरते, आणि वरून बघून ते कळत नाही. म्हणून चार-दोन फोडून बघा. आतला मगज हिरवा असेल तर लावा, तपकिरी पडला असेल तर फवारणीला ठेवा.

फांदी हलवून पिवळ्याधमक तेवढ्या घ्या. त्याच दिवशी पाण्यात चोळून गर काढा, नाहीतर तो आंबतो. एखादा दिवस सावलीत पसरा. पत्र्यावर तर अजिबात नको. मग पिशवीत अर्धं पेर खोल लावा. बाकी माती-शेणखताचं प्रमाण ज्याचं त्यानं ठरवावं.

आणि कृपा करून उकळतं पाणी ओतू नका. तो उपाय बाभळीच्या टणक बियांचा आहे, ज्या शेळीच्या पोटातून जाऊनही उगवतात. लिंबोळी त्यात शिजते. तीच गत मे महिन्यातल्या बीजगोळ्यांची. मोंढ्यातली गेल्या सालची लिंबोळी मातीत कोंबायची, फोटो काढायचे आणि माळावर भिरकवायची. हा खेळ मला बघवत नाही.

एवढं करायला सवड नसेल तर पावसाळ्यात बांधावरच्या बाभळीखाली बघा. पाखरांनी गर खाऊन टाकलेल्या लिंबोळ्या तिथं उगवलेल्या असतात. रोप चार पानांचं असतानाच, ओल्या मातीच्या ढेकळासकट काढा; उशीर केला तर सोटमूळ तुटतं.