सीमलेस पॅटर्न

सीमलेस पॅटर्न म्हणजे शेजारी-शेजारी आणि खाली-वर कितीही वेळा मांडला तरी ज्याचा सांधा नजरेस पडत नाही, असा प्रतिमेचा लहान आयताकृती तुकडा. या तुकड्याला टाइल म्हणतात. फोटोशॉप, गिंप, क्रिटा अशा सॉफ्टवेअरमध्ये निवडलेला भाग सपाट रंगाऐवजी अशा टाइलने भरता येतो. लग्नपत्रिकेची पार्श्वभूमी, कापडावरची छपाई, वेबपान, व्हिडिओ गेममधली भिंत किंवा गवत अशा अनेक ठिकाणी त्याचा वापर होतो. जुन्या घरांतल्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्यांमागचे तत्त्व हेच: लादीच्या कोपऱ्यात पाव फूल असते, चार लाद्या भिडल्या की फूल पुरे होते.

सांधा न दिसण्याची अट साधी आहे. उजवीकडचा शेवटचा पिक्सेल संपला की डावीकडचा पहिला पिक्सेल त्याच्यापुढे ओघाने यायला हवा. वरच्या आणि खालच्या कडेचेही तसेच. नवशिके बहुधा समोरासमोरच्या कडा तंतोतंत सारख्या करतात. तसे केले की प्रत्येक सांध्यावर एकच ओळ दोनदा उमटते आणि बारीक नक्षीत ती लगेच खटकते. कडा सारख्या नकोत, लागोपाठच्या हव्यात. पण हे कामातले सोपे निम्मे झाले. सांधा बेमालूम जुळूनही पॅटर्न फसू शकतो, कारण टाइलमधली एखादी ठसठशीत खूण ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा दिसत राहते. चांगला पॅटर्न करणाऱ्याचा बराचसा वेळ या दुसऱ्या दुखण्यावर जातो.

पूर्वपीठिका

पॅटर्नने रंग भरण्याची सोय सर्वसामान्यांच्या हाती आली ती प्रामुख्याने १९८४ साली ॲपलच्या मॅकिंटॉशबरोबर मिळणाऱ्या मॅकपेंटमुळे. बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेल्या या प्रोग्रॅममध्ये पडद्याच्या तळाशी पॅटर्नची पट्टी असे. त्या पॅटर्नच्या रेखाटनात ॲपलमधल्या ग्राफिक डिझायनर सुझन केअर यांचा हात होता. पडदा फक्त काळा-पांढरा. प्रत्येक पॅटर्न ८ × ८ ठिपक्यांचा, म्हणजे अवघा ८ बाइटचा. विटा, खवले, जाळी, करड्या रंगाच्या छटा, जे काही दाखवायचे ते त्यातच बसवायचे. सीमलेस पॅटर्न शिकायला आजही यापेक्षा चांगला सराव नाही, कारण ६४ ठिपक्यांत चूक लपायला जागाच नसते.

१९९५ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटरच्या १.१ आवृत्तीने वेबपानाला पार्श्वभूमीची प्रतिमा देण्याची सोय केली. मोडेम मंद होते, तेव्हा काही किलोबाइटची टाइल उतरवून तीच पानभर पसरवणे हा स्वस्तातला थाट होता. वरचा मजकूर वाचताच येऊ नये इतकी भडक पाने त्या काळात उदंड झाली. आता हे काम सीएसएस या वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतला बॅकग्राउंड-रिपीट करतो, आणि लोक तो बऱ्यापैकी जपून वापरतात.

फोटोवरून टाइल

उदाहरण म्हणून कोकण-गोव्यातल्या जांभ्या दगडाचा पृष्ठभाग घेऊ. फोटो समोरून, कॅमेरा भिंतीला समांतर धरून, ढगाळ उजेडात किंवा सावलीत काढावा. तिरप्या उन्हात जांभ्याच्या भोकाभोकाला सावली येते आणि फोटो देखणा होतो. पण भिंतीची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित उजळ राहते, आणि टाइल मांडल्यावर हीच तफावत पट्ट्यापट्ट्यांनी उठून दिसते. त्यावर उपाय असा: फोटोच्या प्रतीला खूप मोठ्या त्रिज्येचा ब्लर (प्रतिमा धूसर करणारा फिल्टर) देऊन नुसता उजेडाचा चढउतार वेगळा काढायचा आणि तो मूळ फोटोतून वजा करायचा. फोटोशॉपमधला हाय पास फिल्टर मुळात हेच करतो. हे काम सांधा जुळवण्याआधी उरकावे, कारण ब्लर कडांपाशी चुकतो आणि जुळलेला सांधा पुन्हा उघडा पाडतो.

आता १०२४ × १०२४ पिक्सेलचा चौकोन कापून घ्यायचा. ऑफसेट ही आज्ञा गिंपमध्ये लेयर मेनूतल्या ट्रान्सफॉर्मखाली आहे, फोटोशॉपमध्ये फिल्टर मेनूतल्या अदरखाली. दोन्ही दिशांना ५१२ द्यायचे आणि रॅप अराउंड निवडायचे. प्रतिमा निम्मी सरकते; एका बाजूने बाहेर गेलेला भाग दुसऱ्या बाजूने आत येतो. चारही कोपरे मधोमध भेटतात आणि कडांवरचा सांधा अधिकच्या चिन्हासारखा मध्यभागी उमटतो. नव्या कडा मात्र मूळ फोटोच्या मध्यातून आलेल्या, त्यामुळे त्या आपसूक जुळलेल्या. मग क्लोन स्टॅम्प किंवा हीलिंग ब्रशने, म्हणजे प्रतिमेतल्या एका जागेचा नमुना दुसरीकडे उमटवणाऱ्या साधनांनी, मधला अधिक पुसायचा. अर्धे कापले गेलेले भोक दिसले तर ते सांधत बसू नये. शेजारचे एखादे आख्खे भोक उचलून त्यावर ठेवावे. ब्रशची कड फार मऊ ठेवली तर खरबरीत दगडात गुळगुळीत डाग पडतो, आणि असा डाग मूळ सांध्यापेक्षा वाईट दिसतो.

यात एक गोम आहे. या अधिकाची चार टोके प्रतिमेच्या कडांना टेकलेली असतात. ब्रश तिथपर्यंत नेला की आपसूक जुळलेली कड बिघडते. म्हणून टोकांचे थोडे पिक्सेल सोडून द्यायचे, नंतर २५६ चा आणखी एक ऑफसेट घ्यायचा, आणि ती टोके आत आली की मग पुसायची.

गिंपमधला टाइल सीमलेस हा फिल्टर हे सारे एका क्लिकवर करून देतो: प्रतिमा आणि तिचीच सरकवलेली प्रत तो एकमेकींत मिसळतो. वाळू, ढग, लोकर अशा ठळक आकार नसलेल्या पोतांना तो चालतो. जांभा, विटा, पाने यांवर चालवला तर एका आकारातून दुसरा आकार भुतासारखा डोकावतो. रेझिन्थेसायझर हे गिंपचे प्लगइन वेगळ्या वाटेने जाते. मूळ नमुन्यात कोणत्या पिक्सेलशेजारी कोणता पिक्सेल येतो हे पाहून ते नवा पोत रचते आणि रचतानाच कडा जुळवून घेते. याच जातीची पद्धत अलेक्सेई एफ्रोस आणि थॉमस लेउंग यांनी १९९९ मध्ये मांडली होती.

पुनरावृत्ती

एकटी टाइल निर्दोष दिसते. ती तीन बाय तीन मांडून आणि झूम कमी करून पाहिली की खरे काय ते कळते. जांभ्यातले एक जास्तच काळे भोक किंवा चुन्याचा एक पांढरा ठिपका नऊ ठिकाणी ओळीने उभा राहतो आणि नजर सारखी तिथेच जाते. अशा खुणा एकेक करून काढाव्या लागतात. सगळ्या काढल्या तर दगड निर्जीव होतो, म्हणून साधारण एकाच वजनाच्या बऱ्याच खुणा विखरून ठेवणे बरे. मोठी टाइल घेणे हा सरळ उपाय. दुसरा जरा हिशेबाचा. वेगवेगळ्या मापांच्या दोन टाइल्स दोन लेयरवर (एकावर एक असलेल्या थरांवर) ठेवून वरची अर्धपारदर्शक करायची. एक ४४८ पिक्सेलची आणि दुसरी ७०४ ची असेल, तर दोघींची मिळून पुनरावृत्ती ४९२८ पिक्सेलनंतरच होते.

व्हिडिओ गेममध्ये मैलभर गवत पसरायचे असते, तिथे एवढ्याने भागत नाही. गणितज्ञ हाओ वांग यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या, कडांवर रंग असलेल्या फरश्यांची कल्पना तिथे उपयोगी पडली: एकाऐवजी अनेक टाइल्स करायच्या, त्यांच्या कडा ठरावीक जोड्यांत जुळत्या ठेवायच्या आणि जुळेल तिथे कोणतीही टाइल यादृच्छिकपणे लावायची.

कापडाच्या नक्षीत मामला उलटा आहे. पैठणीच्या अंगावरची बुट्टी पुन्हा पुन्हा दिसावी हीच अपेक्षा असते. लपवायची ती टाइलची चौकट. बुट्ट्या नुसत्या उभ्या-आडव्या रांगांत लावल्या की मधले रिकामे पट्टे दिसू लागतात, म्हणून एकाआड एक रांग अर्ध्या अंतराने सरकवलेली बरी. सॉफ्टवेअरमधला साधा फिल टाइल सरळच मांडतो. तेव्हा एक बुट्टी टाइलच्या मध्यभागी आणि दुसरीचे चार तुकडे चार कोपऱ्यांत असे काढावे लागते. इलस्ट्रेटरमध्ये २०१२ च्या सीएस६ आवृत्तीपासून विटांसारखी किंवा षटकोनी मांडणी थेट निवडता येते.

हाताने काढलेले आणि मोजून काढलेले पॅटर्न

क्रिटामध्ये डब्ल्यू ही कळ दाबली की रॅप अराउंड मोड सुरू होतो: पडदाभर टाइल पसरलेली दिसते आणि कुठेही ओढलेला फटकारा सगळीकडे एकदम उमटतो. फोटोशॉपमध्येही आता पॅटर्न प्रिव्ह्यू आहे. ज्यांना चित्र काढता येते त्यांच्यासाठी ऑफसेटच्या खटाटोपापेक्षा हे केव्हाही चांगले.

भौमितिक नक्षीत हात कमी आणि हिशेब जास्त. ४५ अंशांत तिरक्या रेघा काढायच्या आणि दोन रेघांमधले अंतर रेघांना काटकोनात १० पिक्सेल धरले, तर आडवे मोजल्यावर तेच अंतर सुमारे १४.१४ पिक्सेल येते. तेवढ्या मापाची टाइल पूर्ण पिक्सेलात कापता येत नाही. म्हणून आधी आडवे अंतर पूर्णांकात ठरवावे, समजा १४, आणि टाइल त्याच्या पटीत घ्यावी. ३० अंशांच्या रेघा तर कोणत्याच मापात नेमक्या बसत नाहीत. ७ आडवे, ४ उभे असा उतार धरला तर सुमारे २९.७ अंश मिळतात आणि तेवढे पुरते. मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी जाळीतही हीच अडचण येते, कारण तिच्या आयताकृती टाइलच्या बाजूंचे गुणोत्तर ३ चे वर्गमूळ असते. ५६ × ९७ पिक्सेलची टाइल त्याच्या इतकी जवळ जाते की फरक दिसत नाही.

तयार टाइलला कोणताही फिल्टर लावताना सावध राहावे. ब्लरला कडेपलीकडे काय आहे ते ठाऊक नसते, त्यामुळे तो कडांवर वेगळा वागतो. टाइल तीन बाय तीन मांडायची, त्या मोठ्या प्रतिमेला ब्लर द्यायचा आणि मधली टाइल कापून घ्यायची, म्हणजे काम होते. ढगांसारखा पोत लागत असेल तर गिंपच्या सॉलिड नॉइजमध्ये टाइलेबल हा पर्याय आधीच आहे.

साठवण आणि वापर

टाइल पीएनजीमध्ये साठवावी. जेपेग प्रतिमेचे ८ × ८ पिक्सेलचे गट करून प्रत्येक गट स्वतंत्रपणे आकुंचित करते. दोन समोरासमोरच्या कडांवर वेगवेगळा तोटा होतो आणि पुसलेला सांधा पुसटसा परत येतो. फोटोशॉपमध्ये एडिट मेनूतल्या डिफाइन पॅटर्नने टाइल पॅटर्नच्या यादीत जाते. गिंपमध्ये पीएनजी फाइल पॅटर्न्स या फोल्डरमध्ये टाकून यादी ताजी केली की झाले; नुसती कॉपी केलेली प्रतिमाही क्लिपबोर्ड पॅटर्न म्हणून लगेच वापरता येते. दोन्ही सॉफ्टवेअरच्या पॅटर्न फाइलींचे एक्स्टेन्शन पॅट हेच असले तरी आतली रचना निराळी असते.

फोटोशॉपमध्ये बादलीने किंवा फिल आज्ञेने भरलेला पॅटर्न थेट पिक्सेलांत उतरतो. पॅटर्नचा फिल लेयर किंवा पॅटर्न ओव्हरले वापरला तर माप आणि जागा नंतरही बदलता येतात, म्हणून शक्यतो तोच मार्ग धरावा. तिथे माप ५० किंवा २०० टक्के ठेवले तर रेघा बऱ्यापैकी स्वच्छ राहतात. ७३ टक्क्यांना बारीक नक्षी धूसर होते. गेमसाठीच्या टाइल्स २५६, ५१२, १०२४ अशा दोनाच्या घातांकी मापांत ठेवतात, कारण लांबून पाहण्यासाठी त्यांच्या निम्म्या-निम्म्या मापाच्या प्रती केल्या जातात. छपाईत हिशेब इंचांचा: ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १०२४ पिक्सेलची टाइल कागदावर जेमतेम ८.७ सेंटिमीटर भरते. साडीच्या किंवा पडद्याच्या कापडाला ती लहान पडते. तिथे टाइल मोठी तरी करावी, नाहीतर नक्षी इंकस्केप किंवा इलस्ट्रेटरमध्ये व्हेक्टर रूपात, म्हणजे पिक्सेलांऐवजी कितीही मोठ्या करता येणाऱ्या रेषा-आकारांत, काढावी.