लेनी ब्रिस्कोच्या आधीचे जेरी ऑर्बाख

२९ डिसेंबर २००४ रोजी ब्रॉडवेवरच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवरच्या, नाट्यगृहांनी आपल्या दर्शनी पाट्यांवरचे दिवे मंद केले. आदल्या दिवशी नट जेरी ऑर्बाख गेले होते, वयाच्या ६९व्या वर्षी, प्रोस्टेटच्या कर्करोगाने. 'लॉ अँड ऑर्डर' या मालिकेतला डिटेक्टिव्ह लेनी ब्रिस्को म्हणून अमेरिकेत त्यांना घरोघर ओळखत. पण दिवे मंद करण्याचा मान ब्रॉडवे सहसा रंगभूमीवरच्या कामगिरीसाठीच देतं. आणि ऑर्बाख यांचं ब्रॉडवेवरचं शेवटचं नवं नाटक तर १९८० साली आलं होतं, म्हणजे मधे जवळपास पाव शतक उलटलेलं. तरीही रंगभूमीने त्यांना आपला माणूस म्हणून निरोप दिला. टीव्हीच्या प्रेक्षकाला जो ब्रिस्को आयता मिळाला, तो घडवायला रंगभूमीला पस्तीस-सदतीस वर्षं लागली होती. ती वर्षं नीट पाहिल्याशिवाय या नटाची थोरवी कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ऑर्बाख यांचा जन्म २० ऑक्टोबर १९३५ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये झाला. वडील जर्मनीतून आलेले ज्यू. रेस्टॉरंट सांभाळायचे आणि त्याआधी व्हॉदव्हिलच्या करमणुकीच्या खेळांत कामं केलेले. आई कॅथलिक, रेडिओवर गायची. वडिलांच्या कामापायी बिऱ्हाड सतत हलत राहिलं आणि शेवटी इलिनॉय राज्यातल्या वॉकीगन या गावी स्थिरावलं. तिथेच शाळा संपली. पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात नाट्यशिक्षण सुरू झालं, पण पदवी पुरी न करताच १९५५ साली त्यांनी न्यूयॉर्क गाठलं.

वेळ अगदी नेमकी होती. ब्रॉडवेवर नाटक उभं करण्याचा खर्च वाढत चालला होता आणि निर्माते धोका पत्करायला कचरत होते. त्याला उत्तर म्हणून ग्रीनिच व्हिलेजच्या गल्ल्यांमध्ये लहान लहान नाट्यगृहं उभी राहत होती. शे-दोनशे खुर्च्या, तुटपुंजी मानधनं आणि हवं ते करून पाहण्याची मोकळीक. हेच ऑफ-ब्रॉडवे. ख्रिस्तोफर स्ट्रीटवरच्या थिएटर द लिसमध्ये तेव्हा जर्मन नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचा 'थ्रीपेनी ऑपेरा' मार्क ब्लिट्झस्टाइन यांच्या इंग्रजी रूपांतरात चालू होता. मराठी प्रेक्षकाला याच नाटकाची ओळख पुढे पु. ल. देशपांड्यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'मधून झाली. वीस वर्षांचे ऑर्बाख त्यात बदली नट म्हणून शिरले आणि एकेक भूमिका करत करत खुद्द नायक मॅकहीथपर्यंत पोचले. वाइल यांची पत्नी लोट्टे लेन्या याच नाटकात जेनीचं काम करायची. गाणं गोड वाजवून दाखवायचं नसतं, ते बोलल्यासारखं प्रेक्षकाच्या अंगावर सोडायचं असतं, ही ब्रेख्त-वाइल यांची रीत. ती शिकायला याहून चांगली शाळा त्या शहरात दुसरी नव्हती.

मग आलं 'द फँटॅस्टिक्स'. ३ मे १९६० रोजी सलिव्हन स्ट्रीट प्लेहाऊसमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. नाट्यगृहात जेमतेम दीडशे जागा होत्या. निर्मितीचा सगळा खर्च १६,५०० डॉलर. रंगमंचावर एक साधा चौथरा, एक पेटारा, पुठ्ठ्याचा चंद्र; साथीला पियानो आणि हार्प. संहिता आणि गीतं टॉम जोन्स यांची, संगीत हार्वी श्मिट यांचं. ऑर्बाख यात एल गायो झाले होते, म्हणजे अर्धा सूत्रधार, अर्धा दरोडेखोर. नाटक उघडायचं तेच त्यांच्या गाण्याने. समोर पहिली रांग हाताच्या अंतरावर, आवाज लपवायला मोठा वाद्यवृंद नाही, नजर चुकवायला नेपथ्य नाही. अशा ठिकाणी नटाने एक श्वास खोटा घेतला तरी पकडला जातो. पहिली परीक्षणं संमिश्र होती, नाटक गुंडाळण्याचीही चर्चा झाली, पण निर्माते लोर नोटो हटले नाहीत. नाटक १३ जानेवारी २००२ पर्यंत चाललं. १७,१६२ प्रयोग! ऑर्बाख त्यातून वर्षाच्या आतच बाहेर पडले होते, पण एल गायोचा पहिला आवाज त्यांचाच राहिला. मूळ संचाचं ध्वनिमुद्रण आजही मिळतं, ते जरूर ऐकावं. चोवीस वर्षांच्या माणसाच्या गळ्यातली ती सावकाश, जराशी खरबरीत ऊब ऐकली की तीस वर्षांनंतरच्या ब्रिस्कोचा स्वर कुठून आला ते लख्ख कळतं.

१९६१ मध्ये 'कार्निव्हल'मधून ते ब्रॉडवेवर आले. भूमिका एका कडवट, पायाने अधू कळसूत्रीकाराची. त्याला आवडत्या मुलीशी धड बोलता येत नाही, पण हातातल्या बाहुल्यांच्या तोंडून मात्र तो तिच्याशी मायेने बोलतो. १९६५ च्या 'गाईज अँड डॉल्स'च्या पुनरुज्जीवनात त्यांना टोनी या ब्रॉडवेच्या सर्वोच्च पुरस्काराचं नामांकन मिळालं. प्रत्यक्ष पुरस्कार आला तो 'प्रॉमिसेस, प्रॉमिसेस'साठी.

या नाटकापाशी जरा थांबायला हवं. 'द अपार्टमेंट' या १९६० च्या चित्रपटावर बेतलेलं हे संगीत नाटक १ डिसेंबर १९६८ रोजी शुबर्ट थिएटरमध्ये सुरू झालं. संहिता नील सायमन यांची, गीतं हॅल डेव्हिड यांची आणि संगीत बर्ट बॅकरॅक यांचं. चक बॅक्स्टर हा विमा कंपनीतला साधा कारकून बढतीच्या आशेने आपलं घर साहेबांना त्यांच्या लफड्यांसाठी वापरायला देतो. तसं पाहिलं तर माणूस लाचारच. त्याच्याबद्दल प्रेक्षकाला कणव वाटावी कशी? सायमन यांनी त्याला थेट प्रेक्षकांशी बोलायला लावलं, आणि ती जवळीक ऑर्बाख यांनी अशी साधली की माणूस ओशाळा असूनही आपला वाटायचा. त्यात बॅकरॅक यांचं संगीत म्हणजे गायकाची कसोटीच: ताल मधेच बदलतो, ओळ अपेक्षेपेक्षा एक-दोन मात्रा आधीच संपते. ते सगळं पेलून बोलल्यासारखं गायचं होतं. १९६९ चा संगीत नाटकातल्या सर्वोत्कृष्ट नटाचा टोनी त्यांना मिळाला.

त्याच सुमाराचं एक प्रकरण चित्रपटासारखं वाटतं, पण ते खरं आहे. १९७१ मध्ये ऑर्बाख यांनी एका माफियापटात जो गॅलो या ब्रुकलिनच्या गुंडावर बेतलेली भूमिका केली. खुद्द गॅलोने त्यांची ओळख काढली, येणंजाणं वाढलं, आणि मार्च १९७२ मध्ये गॅलोचं लग्न ऑर्बाख यांच्या घरी लागलं. महिना व्हायच्या आतच, ७ एप्रिलला, लिटल इटलीतल्या एका रेस्टॉरंटमध्ये गॅलोला गोळ्या घालण्यात आल्या. पुढे गुन्हेगारांच्या चौकशा करणारा पोलीस म्हणून हा नट अमर झाला. त्याने गुन्हेगारी जग संवादांपलीकडेही जवळून पाहिलं होतं, हे त्या भूमिकेकडे बघताना ध्यानात असावं.

३ जून १९७५ रोजी 'शिकागो' आलं. दिग्दर्शन बॉब फॉसी यांचं, संगीत आणि गीतं जॉन कँडर व फ्रेड एब यांची. सोबत ग्वेन व्हर्डन आणि चिता रिव्हेरा. फॉसी यांना तालमींच्या काळात हृदयविकाराचा झटका आल्याने नाटक लांबणीवर पडलं होतं. ऑर्बाख त्यात बिली फ्लिन झाले. खटला म्हणजे तमाशा, ज्यूरी म्हणजे प्रेक्षक, असं मानणारा हा वकील. फ्लिन पैशाला सोकावलेला आहे हे दिसतच असतं, तरी तो बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटतं. त्या वर्षीच्या टोनी पुरस्कारांत 'शिकागो'ला अकरा नामांकनं होती आणि हाती एकही पुरस्कार आला नाही. सगळं 'अ कोरस लाइन' घेऊन गेलं. 'शिकागो'चं खरं मोल लोकांना १९९६ च्या पुनरुज्जीवनानंतर कळलं. मूळ संचावर हा अन्यायच झाला.

आणि मग २५ ऑगस्ट १९८०. विंटर गार्डन थिएटरमध्ये '४२न्ड स्ट्रीट'चा पहिला प्रयोग. ऑर्बाख यांची भूमिका ज्युलियन मार्श या करड्या दिग्दर्शकाची. नाटकाचे खरे दिग्दर्शक गोवर चँपियन त्याच दिवशी रुग्णालयात वारले होते. निर्माते डेव्हिड मेरिक यांनी ही बातमी संचापासून आणि प्रेक्षकांपासून दडवून ठेवली. प्रयोग दणक्यात झाला. टाळ्या थांबेनात, नट पुन्हा पुन्हा वाकून अभिवादन करताहेत, आणि अशात मेरिक रंगमंचावर आले. आजचा दिवस दुःखाचा आहे, असं ते म्हणाले तेव्हा लोकांना ती गंमत वाटली आणि ते हसले. चँपियन गेल्याचं त्यांनी सांगितलं तेव्हा सगळा संच जागच्या जागी थिजला. कुणाला काय करावं सुचेना. त्या क्षणी विंगेकडे बघून पडदा पाडायला सांगितलं ते ऑर्बाख यांनी. रडवेल्या सहकाऱ्यांना शेकडो डोळ्यांसमोरून बाजूला घ्यायला हवं, हे भान त्या एका नटाला राहिलं. रंगमंचावर पंचवीस वर्षं मुरल्याशिवाय असं भान येत नाही.

'४२न्ड स्ट्रीट'चे ३,४८६ प्रयोग झाले. ऑर्बाख मात्र त्यानंतर ब्रॉडवेवर नव्या भूमिकेत दिसले नाहीत. ऐंशीच्या दशकात लंडनहून आलेल्या 'कॅट्स', 'ले मिझराब्ल', 'द फँटम ऑफ द ऑपेरा' अशा नाटकांनी ब्रॉडवे व्यापलं. भव्य नेपथ्य आणि सलग संगीत हा त्यांचा बाज. गाता गाता बोलणारा, खांदे उडवून प्रेक्षकाला विश्वासात घेणारा न्यूयॉर्कचा नायक त्यात बसत नव्हता. चाळिशी-पन्नाशीतल्या या नटासाठी नव्याने नाटक कोण लिहिणार होतं?

टीव्हीचा रस्ताही सरळ नव्हता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला टीव्हीवरची नाटकं न्यूयॉर्कमधूनच थेट प्रक्षेपित व्हायची आणि रंगभूमीचे नट त्यांत कामं करायचे. दशक संपता संपता मालिका फिल्मवर चित्रित व्हायला लागल्या आणि बहुतेक उद्योग लॉस एंजेलिसला गेला. न्यूयॉर्कमध्ये राहून नाटक करायचं तर टीव्हीवर पाणी सोडायचं, असाच व्यवहार झाला. ऑर्बाख यांनी चित्रपटांत लहान-मोठ्या भूमिका केल्या. सिडनी ल्युमेट यांच्या 'प्रिन्स ऑफ द सिटी'मध्ये (१९८१) ते साथीदारांशी दगा न करणारा डिटेक्टिव्ह गस लेव्ही झाले. ब्रिस्कोची मुळं शोधायची तर इथे शोधावीत. 'डर्टी डान्सिंग'मधला (१९८७) नायिकेचा बाप अनेकांच्या लक्षात आहे. 'मर्डर, शी रोट'मधल्या त्यांच्या हॅरी मॅकग्रॉ या खासगी गुप्तहेरावर वेगळी मालिका निघाली, ती एकच हंगाम चालली. १९९१ च्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'मध्ये लुमिएर या मेणबत्तीदानाला त्यांनी आवाज दिला, आणि जी मुलं पुढे ब्रिस्को पाहणार होती त्यांनी तो आवाज आधी गाण्यात ऐकला.

'लॉ अँड ऑर्डर' १९९० मध्ये एनबीसी या वाहिनीवर सुरू झाली. निर्माते डिक वुल्फ यांनी ती न्यूयॉर्कमध्येच चित्रित करायचं ठरवलं: बाहेरची दृश्यं रस्त्यांवर, आतली चेल्सी पियर्सच्या स्टुडिओत. अर्धा भाग पोलिसांचा तपास, अर्धा सरकारी वकिलांचा खटला. दर आठवड्याला नवे साक्षीदार, नवे आरोपी, नवे न्यायाधीश लागायचे, आणि ते सगळे शहरातल्या रंगभूमीवरून यायचे. नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत नटाच्या परिचयाखाली या मालिकेचं नाव नसेल तर नवल वाटावं, इतकं ते सर्रास झालं. हजारो नाट्यकलावंतांच्या घरभाड्याला या मालिकेने हातभार लावला, हे तिचं ऋण कथानकांइतकंच मोठं आहे.

ऑर्बाख १९९१ मध्ये एका भागात आरोपीचे वकील म्हणून येऊन गेले. त्याआधी पोलिसाची भूमिका करणाऱ्या पॉल सॉर्व्हिनो यांनी मालिका सोडली तेव्हा, १९९२ च्या शेवटाला, ब्रिस्को आला. दोनदा घटस्फोट झालेला, दारू सोडलेला, मुलींपासून तुटलेला. शीर्षकगीताच्या आधी, मृतदेहाशेजारी उभं राहून तो एक वाक्य टाकायचा. त्या वाक्याचा घाट बघावा. आधी क्षणभर विराम, मग शब्द सपाट सुरात, शेवटचा शब्द किंचित खाली सोडलेला, आणि लगेच दृश्य तोडलेलं. ही नाटकातली फेक आहे. कुठे थांबलं की हशा येतो आणि कुठे थांबलं की तो अडतो, हे रोज रात्री प्रेक्षकांसमोर शिकलेल्या माणसाची. तो विनोद त्यांनी मेलेल्या माणसाच्या अंगावर कधी जाऊ दिला नाही. रोज असं बघावं लागणाऱ्या पोलिसाची ती स्वतःला सावरण्याची धडपड वाटायची. आधी क्रिस नोथ, मग बेंजामिन ब्रॅट, मग जेसी एल. मार्टिन असे जोडीदार बदलत गेले. मार्टिन स्वतः 'रेंट' या संगीत नाटकाच्या मूळ संचातले. लेफ्टनंट झालेल्या एस. इपाथा मर्करसन याही रंगभूमीच्याच. पोलीस ठाण्याच्या दृश्यांत हे लोक एकमेकांचं वाक्य ज्या सहजपणे झेलतात, त्यामागे ही समान तालीम आहे.

कर्करोगाचं निदान १९९४ साली झालं होतं. त्यानंतर दहा वर्षं ते काम करत राहिले. ब्रिस्को म्हणून पावणेतीनशेच्या घरात भाग झाले. २००४ मध्ये मूळ मालिका सोडून ते 'ट्रायल बाय ज्यूरी' या नव्या मालिकेत गेले. तिचे दोनच भाग त्यांच्याकडून झाले आणि ते त्यांच्या पश्चात, मार्च २००५ मध्ये दाखवले गेले. ऑर्बाख यांनी नेत्रदान केलं होतं. त्यांच्या डोळ्यांनी दोघांना दृष्टी मिळाली आणि न्यूयॉर्कच्या नेत्रपेढीने पुढे आपल्या प्रचारासाठी त्यांचं उदाहरण वापरलं. २००७ मध्ये ५३वा रस्ता आणि आठवा अव्हेन्यू यांच्या कोपऱ्याला, म्हणजे ते राहायचे त्याच भागाला, शहराने त्यांचं नाव दिलं. त्याच वर्षी ब्रॉडवे आणि ५०व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं एक छोटं नाट्यगृह जेरी ऑर्बाख थिएटर झालं. तिथे त्या वेळी 'द फँटॅस्टिक्स' नव्या संचात चालू होतं, आणि ते पुढे २०१७ पर्यंत चाललं.