लायगेशनसाठी कापलेले प्लास्मिड तयार करणे

जनुकाच्या क्लोनिंगमध्ये रिस्ट्रिक्शन एन्झाइमने (ठरावीक क्रमावर डीएनए कापणाऱ्या प्रथिनाने) कापलेले वाहक प्लास्मिड (जिवाणूतले डीएनएचे छोटे कडे) नव्या डीएनए तुकड्याशी सांधण्यापूर्वी, म्हणजे लायगेशनपूर्वी, त्याची टोके निर्धोक करणे व ते शुद्ध करणे, या कामाला वाहकाची तयारी म्हणतात. क्लोनिंग फसले की दोष सहसा डीएनएची टोके सांधणाऱ्या लायगेज या एन्झाइमला दिला जातो; खरे तर पुष्कळदा चूक या आधीच्या टप्प्यातच झालेली असते.

इकोआर-वन हे एन्झाइम जीएएटीटीसी हा क्रम ओळखून जी नंतर कापते. त्यामुळे दोन्ही टोकांना एएटीटी अशी चार बेसची एकेरी शेपटी उरते. या शेपट्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात आणि दोन्ही एकाच रेणूवर असल्याने सतत जवळपासच असतात. म्हणूनच तुकडा आत शिरण्याआधी प्लास्मिड स्वतःशीच जुळून पुन्हा कडे बनते. दोन वेगळ्या एन्झाइमांनी, उदाहरणार्थ इकोआर-वन आणि हिंडथ्री यांनी कापले, तर टोके आपसांत जुळत नाहीत आणि तुकड्याची दिशाही ठरते. शक्य असेल तेथे हाच मार्ग चांगला.

एकाच एन्झाइमने कापावे लागले किंवा टोके बोथट (एकेरी शेपटी नसलेली) असली, तर वाहकाच्या टोकांचे फॉस्फेट काढतात. टी-फोर लायगेजला सांधा जोडण्यासाठी एका बाजूला ५′ फॉस्फेट आणि दुसऱ्या बाजूला ३′ हायड्रॉक्सिल लागते (५′ आणि ३′ ही डीएनए धाग्याच्या दोन टोकांची नावे). अल्कलाइन फॉस्फेटेज ५′ फॉस्फेट काढून टाकते आणि वाहकाला स्वतःशी जुळता येत नाही. तुकड्याचे फॉस्फेट मात्र शाबूत हवे. त्याच्या बळावर प्रत्येक सांध्यावर एक धागा जुळतो. दुसऱ्या धाग्यातली खाच, प्लास्मिड ज्यात घालतात ती ई. कोलाय जिवाणूची पेशी स्वतः बुजवते. नेहमीच्या प्रायमरांनी (सुरुवात करून देणाऱ्या आखूड डीएनए धाग्यांनी) केलेल्या पीसीआर तुकड्याला, म्हणजे नळीत प्रती वाढवून मिळवलेल्या तुकड्याला, ५′ फॉस्फेट नसते. असा तुकडा एन्झाइमने कापला तर नव्या टोकांना ते मिळते; न कापता बोथट टोकांनी जोडायचा असेल तर आधी कायनेज या फॉस्फेट जोडणाऱ्या एन्झाइमने ते लावून घ्यावे लागते. कोळंबीपासून मिळवलेले फॉस्फेटेज ६५ अंश सेल्सिअसला निकामी होते. वासराच्या आतड्यातले उष्णतेला अधिक चिवट असते, म्हणून त्यानंतर डीएनए शुद्ध करणेच इष्ट. उरलेले एन्झाइम तुकड्याचेही फॉस्फेट काढते.

न कापलेले प्लास्मिड हा दुसरा शत्रू. पीळदार अखंड कडे सरळ डीएनएपेक्षा कितीतरी सहज पेशीत शिरते, त्यामुळे त्याचा अंशही जिवाणू वाढवण्याची प्लेट नकोशा कॉलनींनी (जिवाणूंच्या ठिपक्यांनी) भरून टाकतो. अ‍ॅगरोज जेलवर (विजेने डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या थरावर) ते साधारणपणे पुढे पळते; पीयूसी१९ सारख्या २,६८६ बेसजोड्यांच्या प्लास्मिडाचा सरळ बँड त्याच्या मागे राहतो. तो बँड कापून घेताना अतिनील प्रकाशाखाली रेंगाळू नये. आखूड तरंगलांबीचा प्रकाश डीएनए बिघडवतो, त्यामानाने ३६५ नॅनोमीटरचा सौम्य. सिलिका कॉलममधून डीएनए काढताना ईडीटीए नसलेले द्रावण घ्यावे, कारण ईडीटीए लायगेजला लागणारे मॅग्नेशियम बांधून ठेवते.

तयारी पारखायला दोन नळ्या पुरतात: नुसता वाहक लायगेजशिवाय, आणि नुसता वाहक लायगेजसह. दोन्ही पेशींत घालून वेगवेगळ्या प्लेटवर वाढवतात. पहिल्या प्लेटवर कॉलनी दिसल्या तर कापणे अपुरे राहिले आहे. दुसऱ्या प्लेटवर त्याहून खूपच अधिक दिसल्या तर वाहक स्वतःशी जुळतो आहे, म्हणजे फॉस्फेट पुरते निघालेले नाही.