वेताळपंचविशी

झाडाला लोंबकळणारे प्रेत, त्यात शिरलेला वेताळ आणि त्याला खांद्यावर टाकून रात्रभर स्मशानात येरझारा घालणारा राजा, एवढ्या चौकटीत बसवलेल्या पंचवीस अद्भुतकथांचा प्राचीन संग्रह. मराठवाड्यात तो ‘विक्रम-वेताळाच्या गोष्टी’ म्हणूनच ओळखला जातो आणि राजा उज्जैनचा, हे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. कथेच्या सर्वांत प्रसिद्ध संस्कृत पाठात मात्र हा राजा गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या मराठवाड्यातल्या पोरांनी ज्याला परमुलखातला राजा समजून ऐकले, तो त्यांच्याच नदीकाठचा निघावा, ही या ग्रंथाची पंचविसांत न मोजलेली एक गंमत.

हा पाठ सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त येतो. काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनासाठी सोमदेवाने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात हा ग्रंथ रचला. त्याच्या ‘शशांकवती’ नावाच्या बाराव्या लंबकात, म्हणजे खंडात, ७५ ते ९९ या तरंगांत, म्हणजे प्रकरणांत, वेताळाच्या कथा आहेत. त्याच्या थोडे आधी क्षेमेंद्राने ‘बृहत्कथामंजरी’त त्या संक्षेपाने सांगितल्या होत्या. शिवदास आणि जंभलदत्त यांचे पाठ वेगळे. या कथा मुळात स्वतंत्र असाव्यात व पुढे मोठ्या ग्रंथात ओवल्या गेल्या असाव्यात, असे अभ्यासकांचे मत आहे.

सोमदेवाच्या राजाचे नाव त्रिविक्रमसेन. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येतो, राजाच्या हातावर एक फळ ठेवतो आणि मुकाट निघून जातो. राजा ते फळ भांडाऱ्याकडे देतो. असे दहा वर्षे चालते. एक दिवस राखणदारांच्या हातून सुटलेले पाळीव माकडाचे पिल्लू तिथे येते, राजा सहज फळ त्याच्यापुढे धरतो, माकड ते फोडते आणि आतून रत्न पडते. भांडाऱ्याला विचारल्यावर तो कबूल करतो, की कोठाराचे दार न उघडता तो ती फळे खिडकीतूनच आत भिरकावत आला आहे. दार उघडून पाहतात तर फळे कुजून गेलेली आणि जमिनीवर रत्नांचा ढीग. कथेला अजून सुरुवातही झालेली नाही, वेताळाचा पत्ता नाही, आणि ऐकणारा इथेच अडकतो. दहा वर्षे हातावर ठेवलेली गोष्ट उघडून न पाहणारा राजा, ही या ग्रंथातली पहिली खोच.

राजाने विचारल्यावर भिक्षू मोबदला मागतो तो धाडसाचा. येत्या कृष्ण चतुर्दशीच्या रात्री राजाने एकट्याने स्मशानातल्या वडाखाली यायचे, तिथून दक्षिणेला शिंशपा वृक्षावर, म्हणजे शिसवाच्या झाडावर, लटकलेले प्रेत उतरवून आणायचे. राजा प्रेत खाली पाडतो, ते रडते, मग हसते. ‘का हसतोस?’ एवढे राजा विचारतो आणि प्रेत पुन्हा झाडावर. बोलले की गेले, हा नियम राजा असा ठेच लागून शिकतो. पुढे वाट कंठावी म्हणून वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न टाकतो, आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर तुझ्या डोक्याची शंभर शकले होतील असा शाप घालतो.

सारा ग्रंथ या पेचावर उभा आहे. बोलावे तर काम बिघडते, न बोलावे तर जीव जातो. इतर अद्भुतकथांत नायक चुकला की त्याला शिक्षा होते. इथे राजा दर वेळी बरोबर उत्तर देतो आणि म्हणूनच त्याला पुन्हा झाडापर्यंत पायपीट करावी लागते. शहाण्या माणसालाच हेलपाटा पडतो, हा न्याय लहान मुलांना फार लवकर पटतो. वर्गात उत्तर येणाऱ्यालाच गुरुजी पुन्हापुन्हा उभे करतात, हा त्यांचा रोजचाच अनुभव असतो.

राजाची उत्तरे भावनेची नसतात, निवाड्याची असतात. मंदारवतीच्या कथेत तिघे तिच्यावर जीव टाकतात, ती मरते. एक तिच्या राखेवर निजून स्मशानात राहतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा भटकत जाऊन मेलेल्याला उठवण्याचा मंत्र मिळवतो. ती जिवंत झाल्यावर नवरा कोण? राजा म्हणतो, जीव दिला तो बाप झाला, अस्थी नेल्या त्याने मुलाचे कर्तव्य केले, राखेला कवटाळून निजला तोच पती. तीन सुकुमार भावांच्या कथेत एकाला राजाघरच्या भाताला चितेच्या धुराचा वास येतो, कारण ते साळीचे शेत स्मशानाला लागून असते. दुसऱ्याला सुंदर स्त्रीच्या अंगाला बोकडाचा वास येतो, कारण लहानपणी ती बकरीच्या दुधावर वाढलेली असते. तिसऱ्याच्या अंगावर सात गाद्यांखालच्या एका केसाचा वळ उमटतो. सर्वांत सुकुमार तिसरा. पहिल्या दोघांनी आधी माहिती काढलेली असू शकते, वळ मात्र सर्वांना दिसला. हे उत्तर साक्षीपुरावा तपासणाऱ्या न्यायाधीशाचे आहे. मुलांना केस आणि गाद्या आठवतात, मोठेपणी उत्तर आठवते.

चोविसाव्या कथेत राजा अडकतो. रानवाटेवर बापलेकांना दोन स्त्रियांची पावले दिसतात. मोठी पावले ती आई, लहान ती मुलगी असे धरून मोठ्या पावलांची बापाने करायची, लहान पावलांची मुलाने, असे ठरते. निघते उलटेच: मोठी पावले मुलीची. बापाला मुलगी, मुलाला तिची आई. त्यांच्या पोरांचे एकमेकांशी नाते काय? राजाला उत्तर येत नाही, तो गप्प राहतो आणि या गप्प राहण्यानेच सुटतो. वेताळ प्रसन्न होऊन भिक्षूचा डाव फोडतो: तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल आणि मान कापेल, तू म्हण, मी राजा आहे, मला नमस्कार येत नाही, आधी करून दाखव. पुढचे सांगायला नको. मुलांसाठीच्या बहुतेक आवृत्त्यांतून हे चोविसावे कोडे गाळलेले असते. नात्यागोत्यांचा गुंता सोडवणे हा लग्नघरातला आवडता उद्योग असलेल्या प्रदेशात नेमके हेच गाळावे, हे चुकीचे वाटते.

पैठणशी या परंपरेचे नाते राजाच्या नावापुरते नाही. कथासरित्सागराचा मूळ आधार मानली जाणारी ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही. तिचा कर्ता गुणाढ्य हा सातवाहन राजाचा मंत्री होता, अशी आख्यायिका खुद्द सोमदेवच सांगतो. जलक्रीडेत राणी राजाला म्हणाली, ‘मोदकैः’, म्हणजे ‘मा उदकैः’, पाणी उडवू नका. राजाला संधी उलगडला नाही, त्याने मोदक मागवले. राणी हसली. ओशाळलेल्या राजाला संस्कृत शिकायचे होते; गुणाढ्याने सहा वर्षे सांगितली, दरबारातल्याच शर्ववर्मा या दुसऱ्या पंडिताने सहा महिने. शर्ववर्मा जिंकला तर संस्कृत, प्राकृत आणि देशी तिन्ही भाषा सोडीन, अशी पैज गुणाढ्याने लावली आणि हरला. मग तो रानात गेला, पैशाची म्हणजे पिशाचांची भाषा शिकला आणि त्या भाषेत सात लाख श्लोकांची कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती झिडकारली. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. ऐकताना जनावरे चरायची थांबली, राजाच्या ताटातले मांस शुष्क झाले, राजा आजारी पडला, तेव्हा कुठे शोध लागला. तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. एक लाख उरले. पुस्तकाची बातमी राजाला मुदपाकखान्यातून कळावी, असे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही.

उज्जैनचा विक्रमादित्य या कथेत शिरला तो पुढच्या आवृत्त्यांतून. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजसाठी लल्लूलाल यांच्या सहभागाने तयार झालेली हिंदी ‘बैताल पचीसी’ १८०५ साली आली. तिची सुरुवातच माळव्यातल्या धारानगरीत होते. विक्रमाचा दुसरा प्रसिद्ध कथासंग्रह ‘सिंहासनबत्तिशी’, आणि त्यात तर विक्रम मरतो तो प्रतिष्ठानच्या शालिवाहनाशी लढताना. कुंभाराघरी वाढलेल्या शालिवाहनाने मातीचे सैन्य जिवंत केले, ही कथा पैठणमध्ये आजही सांगतात. त्यामुळे मराठवाड्यातल्या घरात भिंतीवरच्या पंचांगात शालिवाहन शक आणि मुलांच्या उशाशी विक्रम, असा शेजार सुखाने चाललेला दिसतो. पाडव्याला जिंकलेल्याची गुढी उभारायची आणि रात्री हरलेल्याची गोष्ट ऐकायची, याचे कुणाला काही वाटत नाही.

पुस्तकातल्या वेताळाची मुलांशी ओळख होते त्याआधी गावातल्या वेताळाशी झालेली असते. गावकुसाबाहेर शेंदूर फासलेला तांदळा, म्हणजे न घडवलेला दगड, पैलवानांनी तालमीत जाण्यापूर्वी हात जोडायचा देव, अमावास्येला भुताखेतांसह पालखीतून फिरणारा त्यांचा राजा, ही लोकधर्मातली त्याची रूपे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत सोयगाव तालुक्यात वेताळवाडीचा किल्ला आहे. त्याला बैतलवाडीही म्हणतात. गावातला वेताळ बोलत नाही, पुस्तकातला गप्प बसत नाही, एवढाच मुलांच्या लेखी दोघांतला फरक.

मराठीत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० साली झाली. मुंबई इलाख्यात घडलेली ही गोष्ट. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथेच राहिला. सरकारी शिक्षणाची भाषा उर्दू, त्यामुळे मराठी छापील पुस्तक घराघरांत पोचायला वेळ लागला. १९५२ मध्ये मद्रासहून ‘चांदोबा’ मासिकाची मराठी आवृत्ती निघू लागली आणि चित्र पालटले. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये तेलुगू व तमिळमध्ये सुरू केलेल्या ‘चंदामामा’चे हे मराठी भावंड. त्यातल्या वेताळकथा मूळ चोविसांवर थांबल्या नाहीत. चौकट तीच ठेवून महिन्याला नवी गोष्ट येत राहिली, त्यामुळे वेताळ झाडावरून उतरून कधी पोचलाच नाही. मूळ संग्रहातल्या व्यभिचाराच्या, सूडाच्या गोष्टी जाऊन बोधप्रद गोष्टी आल्या; त्यांतल्या कित्येक मुळातल्यांपुढे फिक्या आहेत, हेही नमूद केले पाहिजे. फिकेपण झाकले ते चित्राने. के. सी. शिवशंकरन ऊर्फ ‘शंकर’ (१९२४–२०२०) यांनी काढलेला, हातात तलवार आणि खांद्यावर प्रेत घेतलेला राजा पाहिला नाही असा त्या पिढीतला वाचक विरळा. त्यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

मनमाडहून जालना, परभणी, नांदेडकडे जाणारी मीटरगेज गाडी आणि एसटी स्टँडवरचा पेपरवाला, या दोन वाटांनी अंक गावात येत. एक अंक विकत घेतला जाई आणि दहा घरे फिरे. परतताना मुखपृष्ठ सुटलेले असे. वाचनापेक्षा ऐकणेच जास्त. प्रस्तुत लेखकाच्या आजोळी, परभणीकडच्या एका खेड्यात, मामा कंदिलाशेजारी ओसरीवर बसून वाची. प्रश्नापर्यंत आला की पानात अंगठा घालून अंक मिटे आणि म्हणे, “सांगा लेकरांनो, कोन खरं?” मग भांडण. एकाचा निवाडा दुसऱ्याला मान्य नाही. जात्यापाशी बसलेली आजी शेवटी म्हणायची, “आता राजा बोलला की गेलं मढं झाडाला, तुमी कशाला डोकं फोडून घेता?” अंगठा काढला जाई, राजाचे उत्तर वाचले जाई, आणि ज्याचे उत्तर जुळले नाही त्याचे म्हणणे असे की राजाच चुकला.

ग्रंथाच्या टिकून राहण्याचे मर्म बहुधा त्या मिटलेल्या अंकाच्या दोन-तीन मिनिटांत आहे. राक्षस, मंत्र, जिवंत होणारी मढी इतर पुस्तकांतही असतात. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये ऐकणाऱ्यासाठी रिकामी ठेवलेली जागा फारशी कुठे नसते. पुढे २००० नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत, अंक हाताशी नसतानाही, याच चौकटीत घरोघरी मनाने रचलेल्या गोष्टी सांगितल्या गेल्या, कारण चौकट कुणालाही वापरता येते: एक गोष्ट, एक पेच, एक प्रश्न.

दूरदर्शनवर १९८५ मध्ये रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ मालिका आली. अरुण गोविल विक्रम, सज्जन वेताळ. तिच्यानंतर शाळांच्या गॅदरिंगमध्ये हे पात्रयुग्म हमखास दिसू लागले. वेताळ म्हणून वर्गातला सर्वांत हडकुळा मुलगा निवडला जातो, अभिनयाचा विचार नंतर. ‘चांदोबा’ २०१० नंतर काही वर्षांतच बंद पडला, पण वाक्प्रचार उरला. तहसीलमधून फाईल त्रुटी काढून परत आली, किंवा चांगला पाऊस होऊनही मार्चमध्ये गावात टँकर सुरू झाला, की ‘वेताळ पुन्हा झाडावर’ एवढे म्हटले तरी पुरते.

मूळ ग्रंथाच्या शेवटी राजा वेताळाकडे वर मागतो, की या चोवीस कथा आणि ही पंचविसावी जगात प्रसिद्ध व्हाव्यात. वेताळ तो देतो आणि वर म्हणतो, यांतला थोडा भागही जिथे सांगितला जाईल तिथे यक्ष, वेताळ, राक्षस यांचे काही चालणार नाही. कथा संपल्यावर रात्री परसाकडे एकट्याने जायला तयार होणारे पोर मात्र मराठवाड्यात अजून पाहण्यात आलेले नाही.